मंगळवारी सकाळी अकरा वाजता गाडी कोणाकडे असेल?

(सल्ला मागणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र बरंच मोठं होतं, नाव आणि ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात देतेय.)

मैत्रीण ३१ वर्षांची, कोथरूडला राहणारी, मुलगी तीन वर्षांची. नवऱ्याला कंपनी दोन वर्षांसाठी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबसला पाठवतेय, सप्टेंबरमध्ये निघायचंय. भाड्याच्या घराचे दोन पर्याय समोर आहेत. पहिलं घर गावाच्या कडेला, नवीन कॉम्प्लेक्स, स्विमिंग पूल, जिम, दोन बेडरूम, भाडं १,२५० डॉलर, आणि नवऱ्याच्या ऑफिसातली चार-पाच मराठी कुटुंबं तिथेच राहतात. दुसरं डाउनटाऊनजवळ, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं १,५२० डॉलर, पण ऑफिस, लायब्ररी, बाग सगळं चालत जाण्यासारखं. नवरा म्हणतो पहिलं घेऊ, महिन्याला २७० डॉलर वाचतात, आणि एक गाडी घेऊच की. हिला चारचाकी येत नाही, पुण्यात सगळं आयुष्य ॲक्टिव्हावर गेलंय. ती लिहिते, "ताई, मला तिथे काम करता येणार नाही, म्हणजे मी कमावणार नाही, मग माझ्या पायी फिरण्याच्या हौसेसाठी २७० डॉलर मागायचे हे मलाच पटत नाही. ड्रायव्हिंग काय, गेल्यावर महिन्याभरात शिकेन. पण का कुणास ठाऊक, पहिल्या घराचे फोटो बघितले की छातीत धस्स होतं. मी उगाच घाबरतेय का?"

अगं, उगाच नाही घाबरत आहेस. पूल बघून कोणाच्या छातीत धस्स होत नाही, तुला त्या फोटोत अजून काहीतरी दिसलंय, आणि मला वाटतं ते म्हणजे फोटोत कुठेच न दिसणारा फूटपाथ.

मी स्वतः २००७ मध्ये ओहायोतल्या एका छोट्या गावात दहा महिने काढलेत. आमच्या बाल्कनीतून सुपरमार्केटची पाटी दिसायची, म्हणजे अक्षरशः दिसायची, हाकेच्या अंतरावर, पण मध्ये सहा पदरी रस्ता, त्याला सिग्नल लांब, कडेला फूटपाथ नाही, नुसतं गवत आणि उतार. एकदा दूध संपलं म्हणून हिंमत करून गेले, येताना हातात चार लिटरच्या आसपासचा तो गॅलनचा कॅन, आणि पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. बिचारा अगदी प्रेमाने विचारत होता की बाई सगळं ठीक आहे ना, गाडी बंद पडलीय का. त्याच्या डोक्यात हे बसतच नव्हतं की धडधाकट बाई दूध आणायला चालत निघालीय. त्या दिवशी मला कळलं की इथे पायी चालणं ही अडचणीत सापडल्याची खूण आहे.

आता तुझ्या पत्रातल्या एकेका गोष्टीकडे येते, कारण दोन-तीन गोष्टी तू गृहीत धरल्यायस आणि त्या तशा नाहीत.

पहिली, आणि सगळ्यात मोठी: "मला तिथे काम करता येणार नाही." हे तुला कोणी सांगितलं? नवऱ्याची कंपनी त्याला पुण्याच्या ऑफिसातून तिकडच्या ऑफिसात पाठवतेय म्हणजे बहुतेक तो एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) जातोय आणि तू एल-२ वर (त्याच्या कुटुंबाचा). एल-२ वर गेलेल्या नवरा-बायकोला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही, विमानतळावर उतरल्यावर देशात आल्याची जी आय-९४ नोंद होते तिच्यावर 'एल-२एस' असं आलं की ती नोंदच कामाची परवानगी. उतरल्या उतरल्या ऑनलाईन जाऊन ते 'एस' आहे का ते बघ, नसेल तर लगेच दुरुस्त करून घे. त्याच नोंदीवर तुला सोशल सिक्युरिटी नंबरही काढता येतो. (एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावाल्या नवऱ्याबरोबर जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुमचं असं नाही, तुम्हाला वेगळी परवानगी लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे हा परिच्छेद वाचून नवऱ्याशी भांडू नका.) व्हिसा दुसरा कुठला असेल तर कंपनीच्या इमिग्रेशनवाल्यांना थेट विचार, नवऱ्यामार्फत नको, तू स्वतः मेल कर.

आणि समजा काम नाही केलंस. तरी 'मी कमावत नाही म्हणून मी मागू नये' हे मला मुळातच पटलेलं नाही. तो सकाळी जाणार, संध्याकाळी येणार, त्या घरात दिवसाचे नऊ-दहा तास तू आणि लेक राहणार आहात. ज्या माणसाला घर सगळ्यात जास्त वापरायचंय त्याचं मत सगळ्यात कमी मोजायचं हा कुठला हिशोब.

दुसरी गोष्ट, "महिन्याभरात ड्रायव्हिंग शिकेन." शिकशील गं, कर्वे रोडवर ॲक्टिव्हा चालवणारीला काय अवघड आहे. पण शिकणं वेगळं आणि लायसन मिळणं वेगळं. इंडियानात पहिल्यांदा लायसन काढणाऱ्याला आधी लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परमिट मिळतं आणि ते १८० दिवसांपर्यंत हातात ठेवावं लागू शकतं, तोवर शेजारी लायसनवाला माणूस बसलेला हवा. आता मोज. सप्टेंबरमध्ये पोहोचणार, कागदपत्रं जमेपर्यंत ऑक्टोबर, तिथून सहा महिने म्हणजे एप्रिल. म्हणजे तुझा बिनागाडीचा काळ आणि तिथला हिवाळा एकमेकांवर बरोब्बर बसतायत. डिसेंबरात सव्वापाच-साडेपाचला अंधार, जानेवारीत पारा शून्याच्या खाली, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग. त्यात नवरा गाडी घेऊन ऑफिसला. हे सहा महिने कुठे काढायचे, तुझा खरा प्रश्न मला तरी एवढाच दिसतो, बाकी पूल आणि जिम सोड, पूल तर तसाही तेव्हा बंद असेल.

म्हणून आधी एक काम कर, आणि आजच कर. पुण्यात चारचाकीचं लर्निंग काढ. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट देता येते, सप्टेंबरच्या आत होऊन जाईल. तुझं दुचाकीचं लायसन आहे त्यातच चारचाकी वाढवून घ्यायची. परदेशी चारचाकी लायसन आधीपासून असेल तर तिकडे त्या थांबण्यातून सूट मिळू शकते, पण परीक्षा द्यावी लागेल, आणि आंतरराष्ट्रीय परमिट कसं नि किती दिवस चालतं हे सगळं इंडियानाच्या बीएमव्हीच्या साईटवर (आपल्या आरटीओचा तिकडचा अवतार) वाचून ठेव, मित्राच्या मित्राने टेक्सासमध्ये काय केलं ते ऐकू नको कारण दर राज्याचं वेगळं असतं. सूट नाही मिळाली तरी क्लच-गिअरवर शिकलेली बाई तिकडच्या ऑटोमॅटिकवर आठवड्यात बसते. आणि हो, तिकडे शिकायला नवऱ्याला शेजारी बसवू नको, निदान सुरुवातीला तरी. पैसे देऊन इन्स्ट्रक्टर लाव. फोर-वे स्टॉपला (चारही बाजूंनी थांबावं लागतं असा बिनसिग्नलचा चौक) आधी कोण निघणार यावरून मी भलेभले संसार हॉर्न वाजवताना बघितलेत.

तिसरी, नवऱ्याचे २७० डॉलर. वर्षाला ३,२४० होतात, हे पैसे खरेच आहेत, मी उडवून लावत नाही. पण पहिल्या घरात राहिलात तर लायसन हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला दुसरी गाडी लागणार, कारण तो तीच एक गाडी घेऊन ऑफिसात गेलेला असणार. एएए म्हणून तिकडची जुनी मोटर संघटना आहे, तिने २०२३ मध्ये हिशोब काढला होता की नवी गाडी बाळगायला, म्हणजे घसारा, हप्त्याचं व्याज, विमा, पेट्रोल, देखभाल सगळं धरून, वर्षाला सरासरी १२,१८२ डॉलर लागतात. तुम्ही सेकंडहँड घ्याल, निम्म्यात भागवाल, तरी ते ३,२४० च्या पुढे जातंच. शिवाय नव्या ड्रायव्हरचा विमा महाग आणि तुमची क्रेडिट हिस्टरी शून्य, त्यामुळे कर्जाचं व्याजही चढं. डाउनटाऊनच्या घरातून मात्र तो ऑफिसला चालत जाऊ शकतो आणि गाडी दिवसभर खाली उभी. एप्रिलनंतर ती गाडी तुझी. त्यामुळे १,२५० विरुद्ध १,५२० अशी तुलना करू नका, घर अधिक गाड्या अशी बेरीज करून दोन आकडे कागदावर मांडा आणि तो कागद नवऱ्यापुढे ठेव. इंजिनिअर आहे ना, आकड्याला आकड्यानेच उत्तर दे, 'मला भीती वाटते' या वाक्याला त्याच्याकडे फक्त 'होईल सवय' एवढंच उत्तर असणार.

आता डाउनटाऊनबद्दल. कोलंबस हे गाव मोठं मजेशीर आहे. लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं, पण इमारती बघायला जगभरातून आर्किटेक्ट येतात. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्य ऑफिस तिथलं, आणि कमिन्स पुण्यात १९६२ पासून आहे, त्यामुळे कोथरूड ते कोलंबस ही वाट मराठी घरांना नवी नाही. (तुझ्या नवऱ्याची कंपनी कुठली ते तू लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही.) डाउनटाऊनमधली लायब्ररी आय. एम. पे यांनी डिझाईन केलेली आहे, १९६९ ची, समोरच एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च. पण तुला त्याहून महत्त्वाचं सांगते, तिथेच 'कॉमन्स' नावाची सार्वजनिक इमारत आहे आणि तिच्या आत लहान मुलांना खेळायची बंदिस्त जागा आहे. तीन वर्षांची पोर आणि बाहेर बर्फ, अशा वेळी ही जागा घरापासून चालत दहा मिनिटांवर असणं म्हणजे काय हे फेब्रुवारीत कळतं. लायब्ररीत लहान मुलांचे गोष्टींचे कार्यक्रम असतात, तिथे तुला दुसऱ्या आया भेटतील, आणि सगळ्या मराठीच नसतील हे बरंच आहे. उन्हाळ्यात मिल रेस पार्क आहे, आणि 'पीपल ट्रेल्स' म्हणून चालायचे-सायकलचे रस्ते गावभर काढलेत. पहिल्या घरापासून तो ट्रेल किती लांब आहे तेही नकाशात बघ, कधीकधी कडेच्या कॉम्प्लेक्सच्या मागूनही जातो आणि मग चित्र थोडं बदलतं.

पण डाउनटाऊनला सगळं पायी होईल असंही समजू नको. महिन्याचा किराणा, डॉक्टर, देशी सामान याला गाडी लागणारच, मोठ्या देशी बाजारासाठी तर इंडियानापोलिसला जाशील, तासाभराचा रस्ता आहे. फरक एवढाच की ही कामं शनिवारी नवऱ्याबरोबर होतात. रोजचं बाहेर पडणं शनिवारवर ढकलता येत नाही, माणूस शुक्रवारपर्यंत चिडचिडा होतो. आणि दुसरा मजला, लिफ्ट नाही, खांद्यावर झोपलेली पोर, हातात तांदळाची पिशवी, हे डोळ्यांसमोर आण आणि मगच हो म्हण. जुन्या बिल्डिंगमध्ये वॉशर-ड्रायर घरात आहे की तळघरात तेही विचार. तळघरात असेल तर त्या २७० डॉलरबद्दल माझंही मत जरा डळमळेल.

पहिल्या घराच्या बाजूने एकच गोष्ट खरंच वजनदार आहे, आणि ती नवऱ्याला सुचली नाही तरी मला सांगायलाच हवी. तिथली मराठी कुटुंबं. गेल्या गेल्या ताप आला, पोर रडायला लागली, गणपतीत एकटं वाटलं, तर खालच्या मजल्यावर कोणीतरी मराठी बोलणारं असणं याची किंमत डॉलरमध्ये नाही करता येत. मी हे हलकं धरत नाही. पण त्या बायकांना फोन लाव, नवऱ्यांना नको, बायकांना, आणि 'कसं आहे घर' असं विचारू नको कारण सगळ्या छान आहे म्हणतील. विचार की गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही कुठे होतात आणि तिथे कशा गेलात. दोघी-तिघींकडे स्वतःची गाडी असेल आणि त्या कामाला जात असतील, तर दिवसा तू त्या कॉम्प्लेक्समध्येही एकटीच. उलट त्या घरी असतील, मुलं एकत्र खेळत असतील, बायका एकमेकींना घेऊन बाहेर पडत असतील, तर पहिलं घर मी समजत होते त्यापेक्षा बरंच बरं आहे. दुसरीच्या गाडीतून जाण्याच्या भरवशावर मात्र एक अडचण आहे: इंडियानात आठ वर्षांखालच्या मुलाला गाडीत कार सीट किंवा बूस्टर लागतोच. म्हणजे 'चल गं, मी सोडते' म्हणणाऱ्या मैत्रिणीच्या गाडीत दर वेळी आपली कार सीट बांधायची, सोडायची, पुन्हा वर आणायची. दोनदा होतं, तिसऱ्यांदा आपणच नको म्हणतो. उबरलाही तेच, आणि छोट्या गावात ती हवी तेव्हा मिळेलच असं नाही. बस आहे, गावाच्या नावातच आहे, कोलमबस असंच नाव ठेवलंय तिचं, पण मार्ग आणि वेळा नीट बघ, अशा गावांत रात्रीच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या बसवर संसार उभा करू नये.

माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष डाउनटाऊन, लायसन आलं, गाव कळलं, की दुसऱ्या वर्षी हवं तर पूलवाल्या घरात जा, मराठी मंडळी काही पळून जात नाहीत, तोवर शनिवार आहेतच. पण त्याहून आधी माझं मत असं की आत्ता पुण्यात बसून लॅपटॉपवर कुठल्याच घराची सही करू नका. कंपनी पहिले काही आठवडे राहायला जागा देते का विचारा, बहुतेक देतात. नवऱ्याने आधी जायचं असेल तर त्याला सांग, एका कामाच्या दिवशी अकरा वाजता पहिल्या कॉम्प्लेक्सच्या गेटपासून सगळ्यात जवळच्या दुकानापर्यंत चालत जा आणि मला व्हिडिओ कॉलवर ठेव. दोन मिनिटांत तो स्वतःच म्हणेल काय ते. नेटवर शोधताना पिनकोड बघा, ४७२०१ नाहीतर ४७२०३, कारण नुसतं कोलंबस टाकलं की ओहायोतल्या मोठ्या कोलंबसची घरं पुढे येतात, आणि घर न बघता ॲडव्हान्स पाठवा म्हणणारा भेटला तर तो चोर आहे असंच समजा.

लीजचं थोडं सांगते, हे कुठल्याही छोट्या गावात जाणाऱ्याला उपयोगी आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार आणि महिनाभराची नोटीस, तिथे बारा महिन्यांचं लीज म्हणजे बारा महिने, मध्येच सोडलं तर दंड, त्यामुळे कंपनीने परत बोलावलं तर काय हे सहीच्या आधी लिहून घ्या. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं असं बहुतेक ठिकाणी म्हणतात, आणि क्रेडिट स्कोअर नाही म्हणून जास्त डिपॉझिट मागतात, तिथे कंपनीचं ऑफर लेटर दाखवून बोलता येतं. डिपॉझिट परत द्यायला इंडियानात घरमालकाला ४५ दिवस असतात, पण आपला पुढचा पत्ता आपण लेखी द्यायला हवा, तो न देता माणसं निघून येतात आणि पुण्यातून मेल करत बसतात. शिरल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, कार्पेटचा फोटो काढ. ओट्यावर हळद सांडली की तो डाग जात नाही, हे मी डिपॉझिट गमावून शिकलेय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लीजवर तुझं नाव भाडेकरू म्हणून हवं, 'राहणारी व्यक्ती' म्हणून तळाशी नको. जमलं तर वीजबिल किंवा बँकेचं खातंही जोडीने. बीएमव्हीत लायसन काढायला जाशील तेव्हा तू तिथे राहतेस याचे दोन कागद मागतात, आणि सगळे कागद नवऱ्याच्या नावावर असले की बायका पहिल्या खेपेला हात हलवत परत येतात, मग पुन्हा त्याची सुट्टी, पुन्हा अपॉइंटमेंट, आणि तुझे १८० दिवस सुरूच होत नाहीत.

स्वयंपाकघरात गेलीस की चुलीवरचा एक्झॉस्ट चालू करून वर हात धर. बऱ्याच घरांत तो हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत तुझ्याच तोंडावर सोडतो. अशा घरात मिरचीची फोडणी दिलीस की स्मोक अलार्म वाजणार, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये हे जास्त असतं, तेव्हा डाउनटाऊनच्या घरात हे आधी बघ.

ता.क. तू शेवटी गमतीत विचारलंयस की तिकडे ॲक्टिव्हा मिळेल का. ५० सीसीच्या वरची कुठलीही स्कूटर तिकडच्या हिशोबात मोटरसायकल, तिचं लायसन वेगळं, आणि तीन वर्षांची पोर पुढे उभी करून तर विचारही करू नको. पण मागे मुलाची सीट बसते अशी इलेक्ट्रिक सायकल मिळते. मार्चमध्ये बर्फ वितळला की ट्रेलवर चालवून बघ, आणि मला लिही.